काळदंष्ट्राला हात लावू नये

साडूकडे जेवायला जावं, साडूच्या गाडीतून हिंडावं, साडूनं नवा फ्लॅट घेतला तर तोंडभरून कौतुकही करावं. पण साडूच्या घरचं टेबल मात्र कधी बघू नये. ही म्हण अजून कुठल्या पुस्तकात आलेली नाही. ती आपल्या सूत्रधारानं स्वानुभवातून तयार केली आहे, आणि तो अनुभव त्याला चांगलाच महाग पडल्यामुळे म्हणीवर त्याचा हक्क आहे.

सूत्रधार हे त्याचं नाव नव्हे, हुद्दा आहे. एरवी तो पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या तक्रारी बघतो, आणि तिथे त्याला 'अहो साहेब'पासून ते इथे लिहिता न येणाऱ्या शब्दांपर्यंत सगळ्या नावांनी हाका मारतात. पण शनिवारी संध्याकाळी त्याच्या बाहेरच्या खोलीतल्या टेबलाभोवती मंडळी जमली की तो सूत्रधार होतो. खेळ असा, की सूत्रधारानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. 'तुम्ही गुहेच्या तोंडाशी आलात, आतून धूर येतोय,' असं त्यानं म्हणायचं. आत शिरायचं की धूम ठोकायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ते जमलं की फसलं हे ठरवणार वीस बाजूंचा फासा. आकडा मोठा पडला की मर्दुमकी, लहान पडला की फजिती. प्रौढ माणसांनी हा खेळ खेळावा का, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी आपापल्या ऑफिसातली मीटिंग आठवून बघावी. तिथे तर फासाही नसतो.

मंडळी तीनच, पण निवडक. एक दाताचे डॉक्टर. दिवसभर 'अजिबात दुखणार नाही' असं सांगून सांगून त्यांच्या जिवाला जो शीण येतो तो ते शनिवारी कुऱ्हाड चालवून काढतात. खेळात ते योद्धा आहेत आणि सगळ्यांना आधीच सांगतात की दुखणार आहे. दुसऱ्या बाई. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेतला खडूचा तुकडासुद्धा त्यांनी कधी घरी नेला नाही, पण खेळात त्या अट्टल चोर आहेत, आणि त्यांचा त्यातला हातखंडा बघून डॉक्टर हल्ली पाकीट आतल्या खिशात ठेवतात. तिसरे साडू, म्हणजे सूत्रधाराच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बँकेत मॅनेजर. त्यांच्या सहीशिवाय तिथे पान हलत नाही, म्हणून खेळात ते जादूगार झाले आहेत.

या खेळाचा एक रिवाज सांगायला हवा. खेळणाऱ्यांचा फासा सगळ्यांसमोर पडतो, पण सूत्रधाराचा फासा आडोशामागे. जुन्या फायलीचा पुठ्ठा उभा करून त्यामागे तो फासा टाकणार, आणि जो आकडा सांगेल तो सगळ्यांनी मानायचा. आजवर कुणी पुठ्ठ्यापलीकडे मान वाकवून बघितलेलं नव्हतं. जो माणूस सख्ख्या मामाच्या मीटरचं रीडिंग एका आकड्यानं कमी करत नाही, त्याचा फासा काय तपासायचा? सूत्रधाराच्या आयुष्यात मिरवण्यासारख्या गोष्टी मोजक्या होत्या. त्यांत हा पुठ्ठा पहिला.

सोंगट्या मात्र घरगुती. डॉक्टर म्हणजे बाटलीचं बूच, बाई म्हणजे कोटाचं बटण, साडू म्हणजे पेनाचं टोपण. आणि ज्याच्या मागावर ही मंडळी वर्षानुवर्षं डोंगरदऱ्या तुडवत होती तो महाभयंकर ड्रॅगन काळदंष्ट्र म्हणजे कुकरची शिट्टी. 'तुमच्या डोक्यावरून काळी सावली गेली' असं सूत्रधार म्हणायचा आणि शिट्टी हवेतून फिरवायचा, तेव्हा डॉक्टरांच्या अंगावर खरोखर काटा यायचा. मग आतून आवाज यायचा, "झालं असेल तर शिट्टी द्या, मला कुकर लावायचाय." काळदंष्ट्र स्वयंपाकघरात जायचा आणि मोहीम पुढच्या शनिवारवर पडायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि साडूंनी टेबल घेतलं.

टेबल कसलं, राजवाडाच तो. मध्ये मखमलीचा खोलगट भाग, फासा गडगडून खाली पडू नये म्हणून. काठाला कप ठेवायला खोबणी. कडेनं दिवे, जे हवे तेव्हा लाल करता येतात. आणि वर रंगवलेल्या सोंगट्या. साडूंच्या जादूगाराला तर भुवया होत्या, त्यातली एक वर उचललेली. डॉक्टरांनी तो जादूगार दाताचा एक्सरे धरावा तसा उजेडात धरून बघितला. बाई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "पाठीला काय आराम वाटतोय हो." एवढंच म्हणाल्या, पण सूत्रधाराच्या काळजात ते रुतलं. कारण त्याच्या घरी बाई ज्या सोफ्यावर बसत, त्याची एक स्प्रिंग वर आलेली होती. नवा माणूस तिथे बसला की लगेच उठून उभा राहायचा, आणि घरच्यांना वाटायचं, किती नम्र आहे.

साडूंनी मग मोठ्या मनानं तोडगा काढला. मोठ्या मनाचे तोडगे फार जिव्हारी लागतात. "काळदंष्ट्राची लढाई तुझ्याकडेच होऊ दे," ते सूत्रधाराला म्हणाले. "इतकी वर्षं तू सांभाळलंस. ती झाली की पुढची मोहीम इथे. तुलाही जरा विश्रांती." डॉक्टरांनी मान डोलावली. बाईंनी खुर्चीचा हात कुरवाळला. सूत्रधार 'वा, छान' म्हणाला आणि चपला शोधू लागला.

दुसरा एखादा खचला असता. सूत्रधार खचणाऱ्यांतला नव्हता. त्यानं विचार केला: टेबलाला उत्तर टेबलानं देता येणार नाही, कारण आपल्या खोलीत ते मावणार नाही. साडूंकडे सोंगट्या आहेत, पण त्या सगळ्या चिल्लर. आपल्याकडे एकच असेल, पण अशी असेल की तिच्यापुढे त्यांच्या टेबलाचे दिवे फिके पडतील. आणि त्यानं परदेशातल्या एका नामांकित कारागिराकडून ड्रॅगन मागवला. हातानं घडवलेला, हातानं रंगवलेला, मोजकेच काढलेले, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आणि अस्सलपणाचा दाखला. किंमत इथे सांगत नाही. त्यानं ती बायकोलाही सांगितली नव्हती, मग आपण कोण लागून गेलो?

"केवढ्याला आहे?" बायकोनं विचारलं होतं.

"तसा थोडा महाग आहे."

"थोडा म्हणजे?"

"हौसेला मोल नसतं."

"ते मला माहीत आहे. विकणाऱ्याला माहीत आहे का?"

तिला चौकशी करायला कारण होतं. तो सोफा तिच्या माहेरचा. वडिलांनी दिलेला. थोरलीनं 'आमच्याकडे शोभणार नाही' म्हणून नाकारलेला आणि हिनं हौसेनं आणलेला. त्याच्या स्प्रिंगा बदलून नवं कापड चढवायचं बरेच दिवस घाटत होतं आणि त्यासाठी पैसे बाजूला टाकलेले होते. 'होते' हा शब्द सूत्रधारानं स्वतःशीसुद्धा हळूच उच्चारला.

ड्रॅगन समुद्र ओलांडून विनासायास आला आणि परदेशी पार्सलांच्या खिडकीवर अडकला. खिडकीमागचे साहेब सज्जन होते, पण त्यांना प्रत्येक वस्तू कुठल्या तरी एका वर्गात घालायची होती. सूत्रधाराला याचं वाईट वाटलं नाही. तोही जन्मभर तेच करत आला होता. फक्त आजवर तो खिडकीच्या आतल्या बाजूला असायचा.

"मूर्ती आहे का?" साहेबांनी विचारलं. "मूर्ती असेल तर पुरातन नसल्याचा दाखला लागेल."

"मूर्ती नाही."

"मग खेळणं. तीन वर्षांखालच्या मुलांनी गिळलं तर काय, त्याचं प्रमाणपत्र?"

"साहेब, ते माझ्या अख्ख्या हाताएवढं लांब आहे. गिळलंच तर तेच मुलाला गिळेल."

हा विनोद त्या खिडकीवर करायला नको होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे धोकादायक वस्तू?"

"नाही हो! शोभेची... म्हणजे शोभेची नाही. मोहिमेसाठी लागते."

"मोहीम? कुठल्या खात्याची?"

मागे रांग वाढत होती. सूत्रधारानं मान खाली घातली आणि हलक्या आवाजात सांगितलं, "खेळतो आम्ही."

"कोण खेळतं?"

"मी."

"जरा मोठ्यानं बोला. काचेमुळे ऐकू येत नाही."

"मी खेळतो!" सूत्रधार ओरडला. "मी स्वतः! दर शनिवारी!"

सगळी कचेरी वळून बघू लागली. रांगेतली एकजण आपल्या शेजारणीला म्हणाली, "अगं, हेच ते. आमच्या मीटरचा अर्ज यांच्याच टेबलावर पडलाय." शेजारीण म्हणाली, "मग शनिवारी जाऊन बघ. तेव्हा खुशीत असतील." सूत्रधारानं सही केली, शुल्क भरलं, खोकं उचललं आणि ताठ मानेनं बाहेर पडला. मान ताठ ठेवणं भागच होतं, कारण खोकं हनुवटीपर्यंत येत होतं.

खोकं जिन्यानं वर जाताना तळमजल्यावरचे काका आडवे आले. काकांना नोकरीतून मोकळं होऊन बरीच वर्षं झाली आहेत आणि तेव्हापासून ते सल्ला देतात. आत काय आहे हे ऐकून घेण्यापूर्वीच ते म्हणाले, "उघड्यावर ठेवू नका हं. धूळ बसेल." मग ऐकल्यावर म्हणाले, "पंख आहेत? मग तर बसणारच. काचेचं कपाट करून घ्या. माझ्या ओळखीचा सुतार आहे."

ड्रॅगन बाहेर काढला, आणि खरं सांगायचं तर तो अप्रतिम होता. खवलान् खवला वेगळा. नाकपुड्यांत निखाऱ्याची लाली. पंख असे पसरलेले, की बघणाऱ्यानं आपोआप एक पाऊल मागे घ्यावं. खोक्यात पांढरे सुती हातमोजेही होते, अंगच्या तेलानं रंग जाऊ नये म्हणून. सूत्रधारानं ते घातले आणि काळदंष्ट्राला टेबलावर ठेवलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"छान आहे," ती म्हणाली. आणि हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

तिनं हात मागे घेतला, एकदा सोफ्याकडे बघितलं आणि ती आत गेली. कुकरची शिट्टी त्या दिवशी जरा जास्तच जोरात झाली.

सुतार आला. त्यानं ड्रॅगन मापला आणि कपाट केलं, पण मापताना पंखांची रुंदी विचारात घेतली तर कपाट दारातून आत येईना, आणि दार विचारात घेतलं तर ड्रॅगन कपाटात जाईना. शेवटी कपाट खोलीतच जोडलं. ते जिथे उभं राहिलं तिथे सोफा होता, म्हणून सोफा बाहेर जिन्याच्या चौकात गेला. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' असं लोक म्हणतात. इथे कोंबडीच बारा आण्यांची निघाल्यामुळे मसाल्याचा हिशेब कुणी केला नाही. शिवाय काकांनी सुचवलं म्हणून कपाटात दिवा बसवला. दिव्यानं रंग उडतो असं काकांनीच मग सांगितलं, म्हणून तो काढला.

सोफा चौकात गेल्यावर मात्र एक चमत्कार झाला. जिना चढून दमलेली माणसं त्यावर टेकू लागली. कुरियरवाले टेकले, चौथ्या मजल्यावरच्या आजी टेकल्या, आणि काकांनी तर तिथे कायमचं कार्यालय थाटलं. स्प्रिंग कुठे आहे हे त्यांना पाठ झालं होतं. बायको येता-जाता ते बघायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही म्हणजे तिला पटलं आहे, असा सूत्रधाराचा समज होता. मीटरच्या बाबतीत तो इतका भोळा नव्हता.

शेवटी तो शनिवार आला. साडू जिना चढून आले ते सोफ्याकडे बोट दाखवतच. "हे भंगार अजून ठेवलंयस?" ते म्हणाले. "देऊन टाक की कुणाला तरी. आम्ही तेव्हाच नको म्हटलं होतं." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. पण साडूंची नजर टेबलावर गेली आणि ते दारातच थबकले. डॉक्टर त्यांच्या पाठीवर आदळले. बाई दोघांच्या मधून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई!"

सूत्रधारानं त्या क्षणी जो आनंद भोगला त्याबद्दल कोणतंही शुल्क कमीच होतं.

"हातमोजे एकच जोडी आहे," तो म्हणाला, "तेव्हा काळदंष्ट्राला कुणी हात लावू नये. चहाही टेबलाखाली ठेवावा. डॉक्टर, तुमचं कोपर."

खेळ सुरू झाला, पण नेहमीसारखा रंगेना. पंखांनी सगळं टेबल व्यापलेलं. डॉक्टरांना बाई दिसत नव्हत्या आणि बाईंना फासा. बूच आणि बटण कडेला कसंबसं उभं होतं. साडूंनी घरून आणलेला भुवईवाला जादूगार त्यांच्यामागे, गुहेचा खांब म्हणून ठेवलेल्या एका डबीच्या आड. ड्रॅगन उडायला हवा होता, पण त्याला उचलणार कोण? "काळदंष्ट्र जागचा हलत नाही," सूत्रधारानं जाहीर केलं. "तो गर्विष्ठ आहे." जो काळदंष्ट्र शिट्टी असताना अर्धं आकाश फिरायचा, तो आता बारशाला आलेल्या प्रमुख पाहुण्यासारखा बसून राहिला.

आणि मग डॉक्टरांना वीस पडले. कुऱ्हाड काळदंष्ट्राच्या छातीत. पुढच्या फेरीत पुन्हा मोठा आकडा. बाई शेपटीवरून चढून मानेपाशी पोचल्या. सूत्रधारानं मनातल्या मनात हिशेब केला. अजून एक वार बसला की काळदंष्ट्र मेला. काळदंष्ट्र मेला की मोहीम संपली. मोहीम संपली की मंडळी साडूंकडे. आणि हा इथे काचेत बसणार, पंख पसरून, मेलेला. इतकी वर्षं ज्या लढाईसाठी गोष्ट रचली ती अशी ऐन वेळी त्याला नकोशी झाली.

वार चुकवण्यासाठी ड्रॅगनलाही फासा टाकायचा हक्क असतो. त्यानं पुठ्ठ्यामागे फासा टाकला. तीन पडले.

"अठरा," तो म्हणाला. "वाचला."

साडूंनी वीज सोडली. पुठ्ठ्यामागे दोन पडले. "एकोणीस. थोडक्यात वाचला." डॉक्टरांनी पुन्हा कुऱ्हाड उगारली. "वीस!" सूत्रधार म्हणाला, आणि त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

"सूत्रधार," बाई शांतपणे म्हणाल्या, "पुठ्ठा बाजूला करा."

"बाई, सूत्रधाराचा आडोसा..."

"माझा जन्म परीक्षांच्या वर्गांतून फेऱ्या मारण्यात गेलाय. खरं उत्तर लिहिणारा आधी प्रश्न वाचतो. तुम्ही आज फासा टाकलात की फाशाकडे बघत नाही, आधी त्या ड्रॅगनकडे बघताय."

सूत्रधारानं पुठ्ठा उचलला. फाशावर एक होता.

 डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. सूत्रधाराचे कान लाल झाले, आणि पार्सलांच्या खिडकीवर ओरडतानाही जी लाज त्याला वाटली नव्हती ती आता वाटली. तिथे नुसती अब्रू गेली होती. इथे विश्वास गेला होता, आणि तो त्यानं आपल्याच हातानं, तेही हातमोजे घालून, घालवला होता.

"असू दे रे," साडू उठत म्हणाले. ते खरोखर प्रेमानं म्हणाले, म्हणून जास्त झोंबलं. "दमलायस तू. पुढच्या शनिवारपासून माझ्याकडे. सूत्रधार मी होतो. डॉक्टर, चला, सोडतो तुम्हाला."

"थांबा!"

बायको हात पुसत दारात उभी होती. "चला काय? तो मेला की नाही?"

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"असं काय बघताय? शनिवारी संध्याकाळी मी आत असते, कान काढून ठेवून येत नाही. तो पूल जळला आणि डॉक्टर त्या म्हाताऱ्याला टाकून पळाले, त्या दिवशी माझं दूध उतू गेलं. पुढे काय झालं ते कळल्याशिवाय मी कुणाला जाऊ देणार नाही. बसा."

"वहिनी, मी त्या म्हाताऱ्याला टाकून..." डॉक्टर म्हणाले, आणि बसले.

तिनं स्टूल ओढलं आणि ड्रॅगनच्या मागच्या बाजूला मांडलं. "ह्यांना त्याची किंमत माहीत आहे, म्हणून ह्यांचा हात कापतोय," ती म्हणाली. "मला किंमत कुणी सांगितलेलीच नाही. ड्रॅगन मी चालवते. ते तीन वार रद्द, आता फासा सगळ्यांसमोर पडेल. गोष्ट ह्यांनीच सांगायची. ती ह्यांच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

"हे हातमोजे तरी..." सूत्रधार म्हणाला.

"हातमोजे घालून कुणी माणसं खातं का?"

आणि तिनं काळदंष्ट्राची मान मुठीत धरून त्याला उचललं. सूत्रधाराच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तिकडे दुर्लक्ष करून तिनं ड्रॅगन छतापर्यंत नेला, तिथून सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "भावोजी कुठे उभे आहेत?"

"मी? मी तर मागे. खांबाआड. इथे समोर डॉक्टर..."

काळदंष्ट्र सरळ खांबावर आला. फासा खणखणला. सतरा.

"गिळला," सूत्रधार म्हणाला. नियमाप्रमाणे तोच बोलायला हवा होता. "भुवयांसकट."

"अगं, पण असं कसं?" साडू म्हणाले. "कुऱ्हाडवाला सोडून जादूगाराला आधी कशाला?"

"बाबांच्या सोफ्याला भंगार कोण म्हणालं?"

 बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की चौकातून काकांनी "काय झालं?" म्हणून विचारलं. आणि खेळ पेटला. काळदंष्ट्र झेपावत होता, फिरत होता, सगळ्यांच्या डोक्यांवरून सूर मारत होता. डॉक्टर उभे राहून कुऱ्हाड चालवत होते. सूत्रधार सांगत होता, गुहा हादरली, दगड कोसळले, धुरानं डोळे चुरचुरले, आणि शब्द आपोआप येत होते. बाईंचं बटण मानेवर चढलं. त्यांना झटकायला बायकोनं ड्रॅगन गर्रकन वळवला, आणि उजवा पंख कपाटाच्या उघड्या दाराला लागला.

कट्.

पंख टेबलावर पडला आणि फाशाशेजारी हेलकावे खात थांबला.

बायकोचा हात तसाच वर राहिला.  डॉक्टर हळूच बसले. गिळलेले साडू म्हणाले, "आई गं." सगळ्यांनी सूत्रधाराकडे बघितलं.

सूत्रधारानं पंखाकडे बघितलं. दाखला, क्रमांक, हातमोजे, काच, सगळं एका आवाजात संपलं होतं.  पण मग त्यानं मान वर केली. बाई सोफ्याऐवजी मिळालेल्या वाकड्या खुर्चीत अशा पुढे सरसावून बसल्या होत्या की त्यांना पाठ आहे हेच त्या विसरल्या होत्या. डॉक्टरांचा चहा तसाच गार झाला होता. आणि त्याची बायको पहिल्यांदाच त्या टेबलाशी बसली होती, केस विस्कटलेले, हातात ड्रॅगन, आणि तो रागावतो की काय म्हणून त्याच्याकडे बघत होती.

त्यानं हातमोजे काढले. पंख उचलला आणि टेबलाच्या मध्यावर ठेवला.

"उजवा पंख मुळापासून तुटून गुहेत कोसळला," तो म्हणाला. "काळदंष्ट्र आता उडू शकत नाही. पण जखमी झालाय, म्हणून दुप्पट चवताळलाय. डॉक्टर, पंखाआड लपायला जागा झाली. बाई, मान तुमच्या हातात आहे. बोला, काय करता?"

खोलीत जो आरडाओरडा झाला त्याचा जाब सोमवारी सोसायटीनं विचारला.

काळदंष्ट्र सहज मेला नाही. त्यानं डॉक्टरांना भिंतीवर आपटलं. मग बाईंनी अखेरचा वार केला, बायकोनं सगळ्यांसमोर फासा टाकला, चार पडले, आणि तिनं स्वतःच ड्रॅगनला हळूहळू आडवा केला. शेवटी तोंडानं तिनं लांबलचक 'सूंऽऽ' केलं, अगदी कुकरची वाफ जाते तसं. डॉक्टरांच्या अंगावर काटा आला.

 मग साडूंनी घसा खाकरला.

"मी तर मेलोच," ते म्हणाले. "म्हणजे पुढच्या शनिवारी मला नवं माणूस घ्यावं लागणार. किती वाजता येऊ?"

"कुठे?" सूत्रधारानं विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच. माझ्या टेबलावर हिला ड्रॅगन फिरवायला जागा कुठाय? मखमल फाटेल."

"आणि काळदंष्ट्राचं पिल्लू आहे की नाही, हे अजून कळलेलं नाही," बाई म्हणाल्या. "नाही का हो वहिनी?"

"अंडं आहे," बायको म्हणाली. "पण कुठे ते सांगणार नाही."

जाण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून कपाट सुटं करून बाहेर काढलं आणि सोफा आत आणला. सोफ्यावर काका बसलेले होते. ते उठायला तयार नव्हते. त्यांनी आधी कपाट चौकात कुठे ठेवावं याचा सल्ला दिला, मग त्यात चपला छान राहतील असं सांगितलं, आणि मगच उठले. सोफ्याचं एक टोक साडूंनी धरलं होतं, आणि ते न सांगता धरलं होतं.

मंडळी गेल्यावर सूत्रधार टेबलाशी बसून पंखाला डिंक लावू लागला. पंख चिकटला, पण जरा तिरपा. तो तिरपाच बरा दिसतोय असं त्याचं मत पडलं, लढलेला वाटतो. बायको सोफ्यावर येऊन टेकली, स्प्रिंग चुकवून.

"आता सांगा," ती म्हणाली. "केवढ्याला पडला?"

त्याच्याजवळ पुठ्ठा होता, पण त्यानं तो उभा केला नाही. खरा आकडा सांगितला, एक पैसा कमी न करता, शुल्कासकट. सोफ्याचे पैसे त्यातच गेले, हेही सांगितलं.

तिनं ड्रॅगन उचलून मांडीवर घेतला.

"बरं झालं, आधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "मला भावोजींना गिळताच आलं नसतं."